इत्सुकुशिमा: दर्शनाची वेळ समुद्र ठरवतो

जपानमध्ये हिरोशिमाजवळ मियाजिमा नावाचं बेट आहे. हे अख्खं बेटच पवित्र मानलं गेलं, त्या भूमीवर बांधकाम नको, म्हणून इत्सुकुशिमाचं शिंतो (जपानच्या मूळ धर्माचं) देवस्थान किनाऱ्यावरच्या भरतीच्या पट्ट्यात बांधलं. आजचा आराखडा ११६८च्या सुमाराचा, ताइरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराच्या काळातला. दर्याची वाट राखणाऱ्या तीन बहिणी इथल्या देवता. त्यांतली इचिकिशिमाहिमे पुढे बेंझाइतेनशी, म्हणजे आपल्या सरस्वतीशी, एकरूप मानली गेली.

मियाजिमागुचीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दहा मिनिटं लागतात. बोटीत चढण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. पाणी २५० सेंटिमीटरच्या वर गेलं की देऊळ तरंगताना दिसतं, १०० सेंटिमीटरच्या खाली आलं की समोरच्या समुद्रातल्या महाद्वारापर्यंत चालत जाता येतं. मध्ये साधारण सहा तास जातात. तासाभरात परतणाऱ्याला यातलं एकच रूप दिसतं. दोन्ही पाहायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण गाठा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी ना पुरतं चढत, ना पुरतं उतरत.

प्रवेशापाशी हात-तोंड धुवायचं. पळीभर पाणी घ्या. आधी डावा हात, मग उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरा, पुन्हा डावा हात धुवा, उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्या. पळी ओठांना लावू नका आणि वापरलेलं पाणी कुंडात सांडू नका. ते कुंड सगळ्यांचं आहे. देवीसमोर दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, शेवटी एक नमस्कार.

आत चालताना पायाखाली बघा. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडल्या आहेत. उधाणाचं पाणी खालून रेटा देतं, तो त्या फटींतून वर निघून जातो. फळ्या घट्ट बसवल्या असत्या, तर लाटांनी ही लाकडी जमीनच उचकटली असती. तरीही २००४च्या वादळात देवळाचं मोठं नुकसान झालं.

समोरचं महाद्वार, म्हणजे तोरी, १८७५चं. उंची सुमारे १६ मीटर, मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ते समुद्रतळात खोल पुरलेले नाहीत. तळाशी पाइनचे खुंट ठोकून पाया घट्ट केला आहे, वरच्या पोकळ तुळईत दगड भरले आहेत, आणि त्या वजनावर, चार आधारखांबांच्या साथीने, ते लाटांत उभं राहतं. ओहोटीला जवळ गेलात तर लाकडाच्या भेगांत नाणी खोचू नका. लाकडाला इजा होते, आणि २०१९ ते २०२२ एवढा काळ याच द्वाराची दुरुस्ती चालली होती.