गुलाबी पर्स आणि साडी गार्ड

नमस्कार मंडळी. हे हातात काय धरलंय ओळखा बघू. लोखंडी जाळी, काळा रंग, कडेनं गंज. होय की, साडी गार्ड! दादाच्या जुन्या मोटारसायकलचा. आज विषय आहे ‘लेडीज गाडी’ आणि ह्या जाळीचं त्यात काय काम आहे ते शेवटी सांगतो.

‘सांगतो’च म्हणालो, बरोबर ऐकलंत. आमच्या बेळगावात बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. आमच्या क्रियापदाला लेडीज-जेंट्स कळत नाही, पण शोरूमला फार लवकर कळतं.

झालं असं, वैनीला चारचाकी गाडी घ्यायची होती. वैनी खानापूरच्या पलीकडं एका मराठी शाळेत शिकवते. आता तुम्ही म्हणाल, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, गाडी कशाला? खरं आहे, ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे आणि वैनीनं तिचा भरपूर फायदा घेतलाय. पण बस फाट्यापर्यंत. फाट्यापासून शाळेपर्यंत पाय. खानापूरचा जुलै ज्यानं बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको, तिथं छत्री नुसती धरायला असते.

तर आम्ही तिघं शोरूममध्ये. कुठलं ते विचारू नका. सेल्समन पोरगा चांगला होता, चहा मागवला. पण मायलेज सांगायचं ते दादाला आणि रंग दाखवायचे ते वैनीला. “मॅडम, हा कलर लेडीजमध्ये जास्त जातो. आणि हे बघा, इथं आरसा.” पैसे वैनीचे, कर्ज वैनीच्या पगारावर, आणि दादाचं लायसन तर दोन वर्षं झाली संपून!

वैनीची उंची चार फूट अकरा इंच. ती आत बसली, स्टिअरिंगवरून पुढं बघायचा प्रयत्न केला आणि विचारली, “सीट वर येतंय काय हो?”

“मॅडम, ते वरच्या मॉडेलला.”

“मग खालच्या मॉडेलला आरसा कशाला दिलाय? त्यात माझं नुसतं कपाळ दिसतंय.”

त्या दिवशी घरी येऊन मी वाचत बसलो. हे ‘खास बायकांसाठी’ प्रकरण सुरू कुठून झालं? आणि सापडली एक गाडी. अमेरिका, १९५५. नाव डॉज ला फाम. फ्रेंचमध्ये ‘ला फाम’ म्हणजे बाई. गाडी मूळची डॉज कंपनीचीच कस्टम रॉयल लान्सर, त्यावर १४३ डॉलरचं वेगळं पॅकेज. पॅकेजात काय? बाहेरून गुलाबी आणि पांढरा रंग. आत सीटला गुलाबाच्या कळ्यांचं कापड. सीटच्या मागं खास कप्पा, त्यात गुलाबी चामड्याची पर्स. पर्समध्ये कंगवा, लिपस्टिकची डबी, पावडरीची डबी, सिगारेट केस आणि लायटरसुद्धा. शिवाय सीटच्या कापडाला मॅचिंग रेनकोट, टोपी आणि छत्री.

रेनकोट खानापूरला उपयोगी पडला असता, एवढं मी मान्य करतो.

पण चालवायची बाजू? तीच. दोन वर्षांत अडीच हजारांच्या आसपास गाड्या खपल्या, आणि १९५६ नंतर विषय बंद.

कंपन्या शहाण्या झाल्या असतील असं वाटलं ना तुम्हाला? २०१२, जपान. होंडानं फिट गाडीची ‘शीज’ नावाची आवृत्ती काढली. इंग्रजीत त्या नावात वर जो स्वल्पविरामासारखा टिंब असतो ना, त्या जागी बदाम. गुलाबी रंग, त्वचा कोरडी पडू नये म्हणून खास एसी, ऊन अडवणारी काच. २०१६, स्पेनची सेआत कंपनी आणि कॉस्मोपॉलिटन मासिक, दोघांनी मिळून एक छोटी गाडी आणली. जांभळा रंग आणि हेडलाइटला आयलायनर. मस्करी नाही, कंपनीनंच तसं सांगितलं होतं. लोकांनी इंटरनेटवर जी काय शोभा केली!

ह्या सगळ्यात एक गाडी मात्र वेगळी निघाली, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. २००४, जिनिव्हाचं प्रदर्शन, व्होल्वोची वायसीसी. निर्णय घेणारी सगळी टीम बायकांची. हेडरेस्टला मधोमध खाच, का, तर अंबाडा किंवा पोनीटेल बांधलेली बाई डोकं मागं टेकवू शकत नाही. केस बांधून गाडीत बसलेल्या प्रत्येकीला हे माहीत आहे, पण कुणी डिझायनर विचारायला आला होता काय कधी? बोनेट मालकानं उघडायचंच नाही, ते गॅरेजवाल्याचं काम. काचेचं पाणी बाहेरूनच भरायचं, पेट्रोलच्या तोंडाशेजारी. बोनेटवरून पुष्कळ टीका झाली, म्हणजे बायकांना इंजिन कळत नाही असं म्हणायचंय काय? आमच्या घरात ह्यावर वाद झाला. दादा म्हणाला, अपमान आहे. मी म्हटलं, तू शेवटचं बोनेट कधी उघडलास? गप्प बसला.

पण खरी गोष्ट पुढं आहे. गाडी घेताना शोरूममध्येच तुमच्या अंगाचं माप स्कॅन करायचं, ते चावीत साठवायचं, आणि तुम्ही आत बसलात की सीट, स्टिअरिंग, पेडल, बेल्ट, सगळं तुमच्या उंचीला जुळून येणार. वैनीला हेच तर पाहिजे होतं!

ती गाडी कधी विक्रीला आलीच नाही. प्रदर्शनात फिरली, संपली. विक्रीला आला तो आयलायनर.

आता उंचीचं एवढं का लावून धरलंय, ते सांगतो. गाडीची धडक देऊन चाचणी घेतात, त्यात माणसाच्या जागी पुतळा बसवतात. वर्षानुवर्षं मुख्य पुतळा म्हणजे सरासरी पुरुष: उंची १७५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. ‘बाई’ म्हणून जो बसवतात तो सगळ्यात बुटक्या, हडकुळ्या बायकांच्या मापाचा, साधारण दीड मीटर आणि ४९ किलो. मधली बाईच नाही. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अपघातांचे आकडे तपासले. बेल्ट लावलेल्या महिला चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. सरासरी बाईच्या मापाचा पुतळा स्वीडनमध्ये आस्ट्रिड लिंडर यांच्या टीमनं २०२२ मध्ये दाखवला. उंची १६२, वजन ६२ किलो. ला फामची पर्स १९५५ ला तयार होती, पुतळा २०२२ ला.

बुटकी बाई गाडीत काय करते? पाय पोचायला सीट पुढं ओढते. म्हणजे छाती स्टिअरिंगजवळ, आणि एअरबॅग फुटते ती तिथूनच. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान २५ सेंटीमीटर पाहिजेत. टेप नसेल तर एक वीत आणि वर चार बोटं. एवढं अंतर ठेवून पाय पोचत नसेल तर आधी सीट वर घ्या, स्टिअरिंग खाली करा, पाठ थोडी मागं टेकवा. मऊ उशी घेऊन बसू नका, ब्रेक मारला की ती सरकते आणि खालचा पट्टा पोटावर चढतो. पदर बेल्टच्या आत चपटा करून घ्या. आणि मानेला काचतोय म्हणून बेल्ट काखेतून, हे तर अजिबात नको.

‘बायकांसाठी’ म्हणून जे काही खरंच कामाचं निघतं ना, त्यावर ते लेबल टिकतच नाही. जुन्या गाड्यांना पुढं हँडल फिरवून इंजिन चालू करायला लागायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलं. विजेच्या गाडीला ती भानगड नाही, म्हणून ती बायकांची. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची! मग १९१२ ला कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्ट आला आणि पुरुषांचीही मनगटं वाचली. आज सेल्फला कोण लेडीज म्हणतंय? आपल्याकडं १९८४ ला कायनेटिक होंडा आली. गियर नाही, किक मारायला नको, म्हणजे बायकांची. आता खडेबाजारात जाऊन बघा, बिनगियरच्या स्कूटरवर तांदळाची पोती घेऊन कोण चाललंय. चारचाकीत ऑटोमॅटिकला दादा कालपर्यंत ‘लेडीज गाडी’ म्हणायचा. गोवावेसच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा धरला, तेव्हापासून म्हणत नाही.

आणि हा साडी गार्ड. ह्याची जाहिरात तुम्ही कधी बघितलीय? पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३: मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण पाहिजेच, शिवाय धरायला हँडल आणि पाय ठेवायला जागा. नियमात ‘साडी’ हा शब्द नाही, नाव लोकांनी ठेवलं. बदाम नाही, गुलाबी रंग नाही, दिसायला वाईट. म्हणून पोरं नवी गाडी घरी आली की पहिला हाच काढतात. दादानंही काढला होता. लग्न ठरल्यावर गुपचूप परत लावला. मागच्या वर्षी मोटारसायकल विकली, तर घेणारा पोरगा म्हणाला, गाडी नेतो, हे ठेवा तुमच्याकडंच.

वैनीनं शेवटी मधलं मॉडेल घेतलं, सीट वर येणारं. रंग मिळाला तो उंदरी, कारण तोच स्टॉकमध्ये होता. डिलिव्हरीला नारळ फुटला, फोटोसाठी पुठ्ठ्याची ती भलीमोठी चावी आणली, आणि दिली दादाच्या हातात. वैनी काही बोलली नाही. खरी चावी तिच्या पर्समध्येच होती. एक वीत, चार बोटं मोजली, गाडी सुरू केली. दादा डाव्या बाजूला, मांडीवर ती पुठ्ठ्याची चावी, आणि ती आडवी धरली तर दार लागेना.