पंख्याखालचा टेक

(दृश्य : जेवणाची खोली. ताटं मांडलेली. वर पंखा, मागे फ्रिज.)

निवेदन :
विद्यार्थ्यांच्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये चित्र बहुतेक वेळा निभावून जातं. फसतो तो आवाज.

ही खोली बघा. आई आणि मुलगा बोलतायत. कॅमेरा दोन मीटरवर, माइक कॅमेऱ्यावरच. खोलीत उभं असताना पंखा जाणवतही नाही, कारण सवयीचा आवाज आपण आपोआप मागे टाकतो. माइकला ते जमत नाही. आईचा शब्द, फ्रिजची घरघर, भिंतीवरून परतलेला घुमारा, सगळं तो एकत्र घेतो.

एडिटला बसल्यावर संवाद बारीक वाटतो, म्हणून वाढवला जातो. पंखाही सोबत वाढतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणारी सोय, जास्त लावलं की पंखा जातो, पण आई पाण्याखालून बोलल्यासारखी वाटते.

(दृश्य : काठीला बांधलेला माइक हळूहळू खाली येतो.)

अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याकडून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे दोन मीटरवरचा माइक अर्ध्या मीटरवर आणला, तर शब्द १२ डेसिबलनं वर येतो. फ्रिज जवळपास होता तेवढाच राहतो. माइक काठीला बांधा, वरून धरा, रोख बोलणाऱ्याच्या छातीकडे. टेकआधी तो मुद्दाम फ्रेममध्ये उतरवायचा आणि कॅमेऱ्यामागचा ‘दिसतोय’ म्हणाला की चार बोटं वर घ्यायचा. चार बोटंच. भीतीपोटी हातभर वर नेला, तर सगळी मेहनत वाया जाते.

ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, बंद ठेवा. ती सुरू असली, की संवाद थांबताच यंत्र आवाज वर खेचतं आणि नेमक्या शांत जागी खोली गरजू लागते. तालमीतल्याच जोरात बोलायला सांगा. सर्वात मोठा शब्द यंत्राच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

(दृश्य : फ्रिजचं बटण बंद. गाडीची किल्ली आतल्या फळीवर.)

फ्रिज बंद केलात, तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा. निघताना ती लागणारच, म्हणजे फ्रिज सुरू करायचा राहणार नाही. घर दुसऱ्याचं असतं, दूध त्यांचं नासतं.

जागा ठरवतानाच कान लावायला हवा. १९३१ साली आलेला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत तयार होत होता, तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वे जायची. म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर करावं लागलं. तुमची जागाही शूटच्याच वेळी जाऊन दहा मिनिटं ऐका. घंटागाडी कधी येते, शेजारी मिक्सर कधी लागतो, शाळा कधी सुटते, ते लिहून ठेवा.

चित्राचं एकच सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोनवर सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर राहिलं, तर जुन्या ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात. २५ फ्रेम, १/५० ठेवा.

आणि पॅकअप म्हणण्याआधी रूम टोन घ्या, म्हणजे कुणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज. मधला खोकला कापला की तिथे आवाजाचं भोक पडतं. ते याच खोलीच्या शांततेनं बुजवायचं असतं. माणसं तीच, दिवे तेच, माइक तिथेच. वाटीलाही हात लावू नका. किमान ३० सेकंद.

(दृश्य : सगळे जागच्या जागी स्तब्ध. निवेदन नाही. फक्त खोली.)