मागे फिरायची वेळ

नमस्कार श्रोतेहो. सकाळी निघायचं, डोंगर चढायचा आणि अंधाराच्या आत खाली यायचं, एवढाच आजचा विषय. मुक्काम नाही, दोर नाही, कड्याला लोंबकळणं नाही. माहितीपत्रकात अशा वाटेपुढे ‘मध्यम’ असं छापलेलं असतं. या शब्दावर माझा जुना राग आहे. मध्यम म्हणजे कोणासाठी? लिहिणारा पंचविशीतला, तुरुतुरु चढणारा. वाचणारा आठवडाभर खुर्चीत बसलेला. ‘अहो, सोपी वाट आहे’ असं कोणी सांगितलं की आधी त्याचं वय विचारावं, मग गुडघ्यांची चौकशी करावी.

तेव्हा शब्दावर जाऊ नका, दोन आकडे बघा. जाऊन-येऊन अंतर किती किलोमीटर, आणि एकूण चढ किती मीटर. अंतर आणि चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही वापरतात. दर तीन मैलांना एक तास, आणि दोन हजार फूट चढाला वरून आणखी एक तास. आपल्या मापात तासाला साधारण पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाला एक तास जादा. समजा वाट चौदा किलोमीटरची आहे, चढ नऊशे मीटरचा. अंतराचे पावणेतीन तास, चढाचा दीड तास, झाले सव्वाचार. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. आपण त्याची दीडपट धरायची, बसण्या-खाण्याचा तासभर मिळवायचा. म्हणजे साडेसात तास.

आता सूर्यास्तापासून उलटं मोजत या. सूर्यास्ताआधीचे दोन तास शिल्लक म्हणून बाजूला ठेवा, उतरायला लागणारा वेळ वजा करा. उरते ती परतीची वेळ. माथा आलेला असो वा नसो, त्या वेळेला पाठ फिरवायची. आणि ही वेळ घरी ठरवायची. डोंगरावर नाही, घरी.

हे मी इतकं घोळवून का सांगतोय, ते ऐका.

मी, माझा एक मित्र आणि माझी तेरा वर्षांची भाची असे तिघं निघालो होतो. आत्ता सांगितली तशीच वाट, चौदा किलोमीटर, नऊशे मीटर. सूर्यास्त सहा वाजून दहा मिनिटांनी. हिशेब मीच केलेला, एक वाजता मागे फिरायचं. एका चिठ्ठीवर लिहून ती ताईकडे दिली होती. कुठून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, आणि आठपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव. मनगटी घड्याळ फक्त भाचीच्या हातात होतं, म्हणून वेळेचं काम तिच्याकडे.

जाता जाता सांगतो, घड्याळ मनगटावरच हवं असं माझं ठाम मत आहे. वेळ बघायला फोन काढला की वेळ राहते बाजूला आणि माणूस भलतंच काहीतरी बघत बसतो. आमच्या कचेरीत भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं, का तर सगळ्यांकडे फोन आहेत. तेव्हापासून एकही बैठक वेळेवर सुरू झालेली नाही. असो.

सातला निघायचं ठरलं होतं. मित्राच्या गाडीचं चाक पंक्चर झालं, निघायला नऊ वाजले. दोन तास तिथेच गेले, पण परतीची वेळ बदलायची नसते. ती सूर्य ठरवतो, आपलं चाक नाही. चढत राहिलो. एका रुंद धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, पोचलो आणि मागून आवाज आला, “मामा, एक वाजला.”

समोर माथा दिसत होता. अगदी हात लावावा असा. मी म्हटलं, “दहा मिनिटं गं.” ती काही बोलली नाही. पंचवीस मिनिटांनी त्या माथ्यावर पोचलो तर तो माथा नव्हताच. पुढे एक खोलगा, आणि त्यापलीकडे त्याहून उंच दुसरा. खालून बघताना जवळचा उंचवटा मागचं सगळं झाकतो, हे मला माहीत होतं. इतरांना शिकवलंही होतं. “मामा, दीड.” मित्र म्हणाला, आता इतकं आलोच आहोत तर. हे ‘इतकं आलोच आहोत’ लई घातक बरं का. दुसरा उंचवटाही फसवा निघाला. खऱ्या माथ्यावर पाय ठेवला तेव्हा दोन पस्तीस झाले होते. वर वारा असा, की डब्याचं झाकण उडून गेलं. फोटोत आम्ही दोघं हसतोय आणि भाची घड्याळाकडे बघतेय.

तीनला उतरायला लागलो. पाऊण-एक तासाने धारेवरून एक छान मळलेली वाट खाली जाताना दिसली, धरली. चढताना वाट फुटलेली आम्हाला जाणवलीच नव्हती, कारण चढताना फाटे येऊन एकत्र मिळतात. माणूस चालतच राहतो. उतरताना तेच फाटे तोंड उघडून समोर उभे असतात. आमची मळलेली वाट होती ढोरवाट. हळूहळू पुसट होत ती एका घळीत शिरली. घळीत बारीक पाणी, शेवाळलेले धोंडे, आणि मग एकदम पुढे काहीच नाही. पाणी खाली पडल्याचा आवाज यायचा, पण तळ दिसत नव्हता. पाच वाजले होते. मित्र म्हणाला, बाजूने उतरून बघू का? मी नाही म्हटलं. त्या दिवसातली माझी एवढी एकच गोष्ट बरोबर. ओढ्याच्या मागे मागे उतरत गेलं की धबधब्याच्या डोक्यावर येणं ठरलेलं.

आल्या वाटेने परत धारेवर चढलो, धापा टाकत. तिथे उजेड जेमतेम उरलेला, आणि बघतो तर वाटा तीन. आम्ही दोघं मोठी माणसं हातवारे करत भांडायला लागलो. भाची म्हणाली, “तो पांढऱ्या रेघेचा दगड आहे ना, इथे माझ्या बुटाची लेस सुटली होती.”

सकाळी लेस बांधायला ती चढाकडे पाठ करून बसली होती. म्हणजे आम्ही ज्या दिशेने आलो, ती दिशा तिने बघितली होती. “वाट त्या दगडाच्या डावीकडून येत होती. तिथे एक झाड वाकलंय.” गेलो, झाड होतं. वाकलेलं. त्याच्याखाली आमचीच वाट.

पुढचा उतार अंधारात. माझी विजेरी बॅगेच्या तळाशी, बटण दाबलं जाऊन दिवसभर आतल्या आत पेटून मेलेली. माझा फोन दिवसभर रेंज शोधून गारद. मित्राच्या एका विजेरीवर तिघं, एक पाऊल तो, मग मागे उजेड, मग एक पाऊल आम्ही. रेंज मिळाली तेव्हा आठला पाच मिनिटं कमी होती. ताईने फोन उचलला आणि आधी एवढंच विचारलं, “घड्याळ कोणाकडे होतं?”

तर श्रोतेहो, परतीची वेळ घरी ठरवायची, आणि ती मोडायचा अधिकार गटातल्या मोठ्या माणसाला द्यायचा नाही. दुसरं, प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघायचं, कारण परत येताना तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे. मागे वळून बघा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान-मोडवर टाका. रेंज नसली तरी ठिकाण दाखवायचं काम तो करतो, बॅटरीही टिकते. कागदी नकाशा तरीही हवाच. त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीने आल्यात तिथे चढ अंगावर येणार, विरळ तिथे श्वास घ्यायला जागा.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भरभर सांगतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यावर वारा वेगळा. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं, तेव्हा आत लवकर वाळणारा कपडा घाला, बॅगेत एक ऊबदार आणि एक पाऊस-वारा अडवणारा ठेवा. पाणी चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदल्या दिवशी पायाची नखं कापा, उतारावर बोटं बुटाच्या नाकावर आपटतात. आणि डोंगरात मोठ्याने गाणी लावणाऱ्यांनी कृपा करून घरीच बसावं, हे माझं वैयक्तिक.

ढग बहुधा दुपारनंतर चढतात. गडगडाट ऐकू आला की धार सोडा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. विजेरी माणशी एक, सेल काढून वेगळे ठेवलेले. शिट्टी गळ्यात, बॅगेत नाही. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट गप्प राहून कान द्यायचा, मग पुन्हा सहा. तिकडून उत्तर येईल ते तीन शिट्ट्यांचं. तरी वाजवत राहायचं, शोधणारे आवाजावरच येतात.

काचेपलीकडून हात वर झालाय. नमस्कार.