टाकीच्या झाकणामागचा आकडा

मंडळी, ‘आपल्या गाडीला कोणतं पेट्रोल?’ असा विषय पत्रिकेत छापलाय. त्यावर येतोच. पण आधी पंपावर जाऊन येऊ.

तुम्ही काच खाली करता. पोरगा म्हणतो, “झिरो बघा साहेब,” आणि तुम्ही झिरो बघत असताना त्याच दमात, “प्रीमियमच टाकतोय ना?” आता ‘ना’वर संपणाऱ्या प्रश्नाला नाही म्हणायची आपल्यात हिंमत नसते. त्यातून मागच्या सीटवर सासरे बसलेले! (हशा) हसताय म्हणजे सगळ्यांनी टाकलंय. आमच्या भागातल्या एका पंपावर तर साधं पेट्रोल नेमकं शनिवार-रविवारी संपतं. टँकर निघालेला असतो, पोचत कधीच नाही. मी मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, “काका, प्रीमियमनं इंजिन साफ राहतं.” म्हटलं, बाबा रे, त्याआधी माझा खिसा साफ होतोय त्याचं काय? तर मला म्हणतो, “काका, मग नव्याण्णव-शंभरवालं घ्या, पिकअप बघा.” शंभर ऑक्टेन म्हणजे लिटरला दीडशेच्या वर! आणि गाडी कोणती, तर ऑफिसला जायची हॅचबॅक.

मुळात हा ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाहीच. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं की तापतं. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून पसरत जायला हवी. ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणच पेटलं, तर घाट चढताना इंजिन टकटक वाजतं. तेच नॉकिंग. ते किती रोखता येतं, हे ऑक्टेन सांगतो. नॉकिंग चांगलं रोखणाऱ्या आयसोऑक्टेन या द्रवाला १००, झटकन नॉक होणाऱ्या हेप्टेनला ०, ही पट्टी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२०च्या दशकात सुचवली. त्याआधीच, १९२१ साली, थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरनं नॉकिंगवर शिशाचा तोडगा काढला होता. ते शिसं आपल्या पेट्रोलमधून जायला २००० साल उजाडलं. त्या शिशावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आयोजकांनी मनावर घ्यावं.

आयोजकांनी चिठ्ठीच पाठवली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं, भराभर सांगतो.

टाकीचं झाकण उघडा, आतला स्टिकर वाचा. नसेल तर गाडीची पुस्तिका. किमान ९१ लिहिलंय? मग ९१ भरा. आठ नंबरच्या पायात दहाची चप्पल घातली म्हणून कोणी झपाझप चालत नाही. कंपनीनं इंजिनची ठिणगीची वेळ ज्या पेट्रोलवर बसवली, त्याच्या वरचा ऑक्टेन बहुतेक वेळा वायाच जातो. बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांच्या आधीपासूनच साधं पेट्रोल किमान ९१ होतं. आता २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास, म्हणून ई-२०चं मानकच ९५ आहे. तेव्हा ९५साठी जादा पैसे मोजण्याआधी साध्या नळीतून काय येतंय ते विचारा. प्रीमियममधली साफसफाईची रसायनं ही वेगळी बाब, तिचा ऑक्टेनशी संबंध नाही.

स्टिकरवर किमान ९५ असेल, बऱ्याच टर्बो आणि आयात गाड्यांवर असतं, तर तिथे कंजुषी नको. टकटक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढून इंजिन वाचवतो, पण पिकअप आणि मायलेज दोन्ही जातात. ‘किमान ९१, शिफारस ९५’ असेल तर मे महिन्यात भरल्या गाडीनं खंबाटकी चढताना ९५ भरा, एरवी नको. साध्या गाडीत टकटक सुरू झाली, तर आधी स्पार्क प्लग आणि इंजिनात साचलेला कार्बन बघा.

अमेरिकेतला भाचा म्हणेल, “मामा, आमची तर ८७वर पळते.” ते दोन चाचण्यांच्या सरासरीचं माप आहे. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१-९२.

जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि इथेनॉल हा प्रश्न राहिला. तो चहाच्या वेळी विचारा, आणि विचारताना गाडीचं साल सांगा.