विनिपेग जेट्स: शहरानं परत आणलेला संघ

पोर्टेज आणि मेन. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहराचा हा मुख्य चौक. हिवाळ्यात इथला वारा हाडापर्यंत पोचतो. पण ही चित्रफीत २७ जून १९७२ ची, भर उन्हाळ्यातली. गर्दीच्या मधोमध हसतोय तो बॉबी हल. शिकागो ब्लॅक हॉक्सचा, खरं तर बर्फावरच्या हॉकीच्या अख्ख्या नॅशनल हॉकी लीगचा सर्वांत मोठा तारा. आणि तो भलामोठा चेक दहा लाख डॉलरचा आहे.

या चेकमागची गोष्ट सांगायलाच हवी. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग तेव्हा फक्त कागदावर होती, तिचा एकही सामना झालेला नव्हता. विनिपेगच्या बेन हॅट्स्किन यांनी या लीगसाठी जेट्स हा संघ उभा केला आणि थेट हललाच गाठलं. एवढी रक्कम एकट्या विनिपेगच्या आवाक्यातली नव्हती. मग लीगमधल्या इतर संघांच्या मालकांनी वर्गणी काढली. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध हल गोल करणार होता, त्यांनीच त्याचे पैसे भरले! हल आला तर लीग टिकेल, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. जुनी लीग कोर्टात गेली. पहिल्या हंगामातले सुरुवातीचे काही सामने हलला बाहेर बसून काढावे लागले. पण नवी लीग उभी राहिली, आणि दोन्ही लीगमधल्या खेळाडूंचे पगार वाढले.

(जुने सामने. तीन खेळाडू बर्फावर जागा बदलत पुढे सरकतात.)

आता पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चकती, कुणाकडे आहे ते बघा. डावीकडे हल, मध्ये उल्फ निल्सन, उजवीकडे अँडर्स हेडबर्ग. हे दोघे स्वीडिश खेळाडू १९७४ साली विनिपेगला आले. युरोपातली पोरं मऊ असतात, दोन धक्के बसले की गप्प होतात, असा समज तेव्हा उत्तर अमेरिकेत होता. यांना धक्के दोनच नाही, पुष्कळ बसले. पण ती गप्प झाली नाहीत. आपापली पट्टी धरून धावायची जुनी पद्धत या तिघांनी मोडली. एक आत शिरला की दुसरा त्याची जागा घ्यायचा, वाट बंद दिसली की पक मागे फिरवून पुन्हा नव्यानं चढाई. पुढे एडमंटनच्या ऑइलर्सनी हीच धाटणी उचलली आणि स्टॅनले कप, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचं विजेतेपद, अनेकदा जिंकलं. त्याचं मूळ इथे आहे, आणि हे श्रेय विनिपेगला मिळायलाच हवं.

१९७६, १९७८, १९७९. तीन वेळा नव्या लीगचं विजेतेपद, म्हणजे अ‍ॅव्को कप. १९७८ च्या जानेवारीत तर सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय चमूला ५-३ असं हरवलं.

१९७९ साली जेट्स मोठ्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये गेले, पण प्रवेशाची किंमत म्हणून बहुतेक चांगले खेळाडू सोडून द्यावे लागले. १९८०-८१ च्या हंगामात ८० सामन्यांत फक्त नऊ विजय मिळाले.

(विनिपेग अरेना. राणी एलिझाबेथचं प्रचंड चित्र, खाली पांढरीशुभ्र गर्दी.)

१९८७ ची बाद फेरी, समोर कॅलगरी. कॅलगरीचे प्रेक्षक लाल कपड्यांत येतात, मग आपण पांढऱ्यात येऊ, असं ठरलं आणि अख्खं स्टेडियम पांढरं झालं. टोपी, सदरा, मफलर, हातातला रुमाल, सगळं पांढरं. तेव्हापासून बाद फेरी आली की विनिपेगकर पांढरे कपडे घालतात.

आणि हा २ मार्च १९९३. फिनलंडचा तेमू सेलॅने, पहिलाच हंगाम. हा त्याचा ५४ वा गोल, नवोदितांचा जुना विक्रम मोडणारा. आता त्याचा हात बघा. हातमोजा वर उडवला, काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि हवेतल्या मोज्यावर नेम धरला. हंगाम संपला तेव्हा गोल झाले होते ७६. नवोदितांचा हा विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

मग पैशाचं गणित फसलं. पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकिटांचे पैसे घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये. १९९५ च्या मे महिन्यात संघ वाचवायला शहर रस्त्यावर उतरलं. नद्यांच्या संगमावरच्या 'द फोर्क्स' मैदानात हजारो माणसं जमली. लहान मुलांनी गल्ले फोडले. एवढं करून मिळाला एकच जादा हंगाम. २८ एप्रिल १९९६ ला डेट्रॉइटविरुद्ध शेवटचा सामना झाला आणि संघ ॲरिझोनाच्या वाळवंटात, फिनिक्सला गेला. सेलॅनेचा विक्रमही कागदोपत्री तिकडच्या खात्यावर जमा झाला. कागद काहीही म्हणोत, तो गोल विनिपेगचा आहे.

(नवं स्टेडियम, बाहेरून.)

१५ वर्षं शहरात मोठ्या लीगचा संघ नव्हता. पण मार्क चिपमन आणि सहकाऱ्यांनी मॅनिटोबा मूस हा दुय्यम लीगचा संघ चालवून हॉकी धगधगती ठेवली. २००४ मध्ये ईटन्सच्या जुन्या दुकानाच्या जागी हे स्टेडियम उभं राहिलं. ३१ मे २०११ ला चिपमन यांनी जाहीर केलं की अटलांटा थ्रॅशर्स हा संघ विकत घेतला आहे. हंगामभराची १३,००० तिकिटं विकायची होती. सर्वसामान्यांसाठी विक्री उघडल्यावर उरलेली तिकिटं काही मिनिटांत संपली. नाव काय ठेवायचं, यावर लोकांचं उत्तर ठरलेलंच होतं. जेट्स. अटलांटाच्या चाहत्यांचा संघ मात्र गेला.

महासाथीनंतर हंगामी तिकिटं घटून साडेनऊ हजारांच्या आसपास आली. चिपमन यांनी लोकांना जाहीर साद घातली.

४ मे २०२५. सेंट लुईसविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. विनिपेग एका गोलनं मागे, घड्याळात तीन सेकंदही नाहीत. कोल परफेटी. बरोबरी! मग जादा वेळ, त्यातही दुसरा डाव, आणि कर्णधार अ‍ॅडम लाउरीचा गोल. या पांढऱ्या गर्दीतल्या कित्येकांनी १९९६ चा तो शेवटचा सामनाही पाहिलेला असेल.

पुढच्या फेरीत डॅलसनं हरवलं. स्टॅनले कप विनिपेगला अजून मिळायचा आहे.