सकाळ तुमची, दुपारनंतर वळवाची

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल निम्मा होत आला की आपल्या भागात पाहुण्यांचे फोन सुरू होतात. पुण्याची मावशी, मुंबईचे दीर-जाऊ, ठाण्याची भाचरं, सगळ्यांना बेळगाव बघायचं असतं. आणि पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडं पाऊस आहे काय हो?" खानापूरचा माणूस आभाळाकडं बघतो, निपाणीचा मोबाइलकडं बघतो, आणि दोघंही एकच उत्तर देतात, "काय नेम नाही बघा."

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. चैत्र-वैशाखात कुठल्या दिवशी पाऊस येईल याचा नेम नाही, हे खरं. पण कुठल्या वेळी येईल, याचा बराच नेम आहे. वळीव सहसा सकाळी येत नाही. सकाळपासून जमीन तापते, दुपारी पारा ३५-३६ च्या घरात जातो, समुद्राकडून सह्याद्री चढून ओलसर हवा येते, ती तापून वर उसळते आणि तीनच्या पुढं ढग उभे वाढायला लागतात. मग तास-दीड तास धिंगाणा, कधी गारा, आणि दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा आभाळ मोकळं. म्हणून तारखेवर डोकं खाजवण्यापेक्षा दिवसाची मांडणी नीट करावी.

आता अंदाजाविषयी. आपण सीमेवरची माणसं, त्यामुळं आपला गोंधळ दुप्पट. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव येतं उत्तर अंतर्गत कर्नाटकात, म्हणजे थेट बिदर-कलबुर्गीच्या पंगतीत. शेजारचं चंदगड येतं मध्य महाराष्ट्रात. आणि घाट उतरला की कोकण-गोवा. त्यामुळं निपाणीच्या घरात कोल्हापूरच्या बातम्या लागतात, तिथं पाऊस सांगितला म्हणून बेळगावची सहल रद्द होते, आणि बेळगावात मात्र कडक ऊन! बातम्यांत "तुरळक ठिकाणी" म्हणतात, त्याचा अर्थ त्या विभागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. तेवढ्यावर रजा रद्द करू नका. जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर सावध राहून निघा, नारिंगी असेल तर बेत पुढं ढकला. आणि शहरात पोचल्यावर दुपारी पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा. हवामान खातं तो दर तीन तासांनी देतं. गोव्यातल्या रडारचं चित्रही मोबाइलवर दिसतं, त्यात आपला भाग येतो. आठ दिवस आधीच्या टक्केवारीपेक्षा हे चित्र मला कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

तर सकाळी किल्ला. उशिरात उशिरा आठला खंदक ओलांडून आत असावं. दारातच दुर्गादेवी. पुढं कमलबस्ती, रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. काळ्या दगडाचं जैन देऊळ, आत मूर्ती नेमिनाथांची. तिथं मंडपात उभं राहून मान वर करा. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय, पाकळीच्या आत पाकळी. पाहुणे इथं फोटो काढण्यात वेळ घालवतात. त्यांना म्हणावं, आधी डोळ्यांनी बघा. बाहेर ऊन चढलेलं असलं तरी त्या दगडाखाली गारवा असतो. किल्ल्यातच १८९२ साली स्वामी विवेकानंद राहून गेले, तिथंच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. अकरापर्यंत हे सगळं निवांत होतं. वेळ उरला तर शहापूरकडं कपिलेश्वर, नाहीतर कॅम्पातल्या झाडीतनं मिलिटरी महादेव.

जेवण झालं की डोक्यावर छप्पर हवं. टिळकवाडीत जा. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात याच एका अधिवेशनाचे. वीरसौध या स्मारकात त्याची छायाचित्रं आहेत, आणि अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर जवळच. विहीर उघड्यावर आहे, म्हणून ती आधी, छायाचित्रं नंतर. एवढा क्रम सांभाळला तर बाहेर गारा पडल्या तरी तुमचं काही अडत नाही.

वळीव कधी फुटणार हे मोबाइलच्या आधी कोण सांगतं माहीत आहे? गणपत गल्लीतली फळवाली. दुपारी गदगदायला लागतं, वारा ठार पडतो, पान हलत नाही. मग एकदम गार झुळूक येते आणि रस्त्यावरची धूळ उठते. त्या झुळकीबरोबर ती मावशी बोलता बोलता आंब्याच्या पेट्या आत सरकवते, वर प्लास्टिकचा कागद ओढते, त्याच्या टोकावर वजनाचा दगड ठेवते. गिऱ्हाईक समोर असलं तरी आधी कागद. तिनं कागद ओढला की तुमच्याकडं जेमतेम दहा मिनिटं आहेत. खडेबाजारात दुकानाच्या पायरीवर चढा. कुणी नको म्हणत नाही.

झाडाखाली मात्र थांबू नका. कॅम्पातली जुनी झाडं सावलीला छान, पण वादळात फांद्या येतात खाली, आणि विजेचा धोका वेगळाच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनानं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या इमारतीत शिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं; ते आधीच घालून ठेवा. यासाठीच येळ्ळूरचा राजहंसगड दुपारी नको. माथा उघडा आहे, पळून जाऊन जाणार कुठं? जायचं तर सूर्योदयाला.

गोकाकचा धबधबा बघायचा हट्ट पाहुणे हमखास धरतात. एप्रिलमध्ये घटप्रभेच्या त्या ५२ मीटरच्या कड्यावर बघायला बहुतेक खडकच असतो. त्यांना सांगा, आषाढ-श्रावणात या.

पाऊस थांबला की खरी मजा. हवेत एकदम गारवा, मुलांना पातळ स्वेटर लागेल इतका. भजी, चहा, आणि येताना कुंदा. मांडे घेणार असाल तर डबा घरून न्या. पिशवीत चुरा होतो, आणि ओल लागली तर लगदा. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या सुमाराला येत असाल तर शिवजयंतीच्या चित्ररथांची तारीख विचारून घ्या. त्या रात्री शहराच्या मधले रस्ते गाड्यांना बंद असतात, म्हणून मुक्कामच करावा. अंगावर दोन सरी आल्या तरी लोक जागचे हलत नाहीत.

आमचे कानडी शेजारी म्हणतात, भरणीचा पाऊस पडला तर धरणी पिकते. भरणी नक्षत्र लागतं एप्रिलच्या शेवटी, नेमकं सहलींच्या दिवसांत. तेव्हा भिजलात तर आभाळाला शिव्या देताना शेजारी कोण उभं आहे ते बघा. तो कदाचित खूश असेल.

आणि हो, लाल बसनं येणाऱ्या भगिनींसाठी एक. शक्ती या मोफत प्रवासाच्या सरकारी योजनेचं शून्य तिकीट कर्नाटकातल्या रहिवासी बायकांनाच मिळतं, आणि कंडक्टर ओळखपत्र मागतो. तेव्हा आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. पुण्याच्या मावशीचं तिकीट मात्र काढावं लागेल.

नमस्कार.