सगळ्यात मागची सायकल

(दृश्य: मोकळं मैदान. गवतात आडव्या पडलेल्या सायकली. मुलं हेल्मेटचे पट्टे ओढून बघतायत.)

आज इथे निवड चाचणी नाही. कुणाची उंची मोजलेली नाही, घड्याळ लावून कुणाला पळवलेलंही नाही. काही मुलांकडे नव्या कोऱ्या सायकली आहेत, काहींकडे मोठ्या भावंडांच्या वापरून झालेल्या. कडेला एक मुलगी हँडल घट्ट धरून उभी आहे. आपलं नाव यादीत राहणार नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलंय. पण माउंटन बाईकच्या, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणाऱ्या, या शाळकरी संघात यादीतून नाव गाळायची सोयच नाही. जो येईल तो संघात, आणि जो संघात आहे तो शर्यतीत उतरू शकतो. राखीव खेळाडूंसाठी इथे बाकडं मांडतच नाहीत.

ही पद्धत रुळायला वेळ लागला. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली हायस्कूलमध्ये, 1998 च्या सुमारास मॅट फ्रिट्झिंगर या गणिताच्या शिक्षकानं मुलांचा सायकलसंघ जमवला. 2001 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळांची लीग सुरू झाली आणि 2009 मध्ये ‘नायका’ ही शालेय सायकलिंगची देशपातळीवरची संघटना. सहावी ते बारावीची मुलं तिच्या लीगमध्ये उतरतात. कुणाला वगळायचं नाही, कुणाला बाहेर बसवून ठेवायचं नाही, हे तिथलं पहिलं सूत्र. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती गुणांची मोजणी. सांघिक गुण धरताना मुलगे आणि मुली दोघांचेही आकडे लागतात. त्यामुळे मुलींना संघात घेणं ही कुणाची मेहेरबानी उरत नाही. त्या नसतील तर संघच मागे पडतो.

(दृश्य: एका जुन्या सायकलीची चेन. कपड्यानं पुसणारा हात.)

नाव नोंदवायच्या आधीच घरोघरी एक चर्चा रंगते. सायकल कोणती घ्यायची? पालक रात्र रात्र व्हिडिओ बघतात. सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी रचना, फक्त पुढं की दोन्हीकडे? चाक किती इंची? खरं तर पहिल्या हंगामाला पुढं सस्पेन्शन असलेली, ब्रेक नीट लागणारी, मापाची सायकल पुष्कळ झाली. मापाची म्हणजे, खाली उतरून दोन्ही पाय टेकल्यावर मधल्या नळीला अंग लागता कामा नये. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठ्या मापाची सायकल घेणं ही काटकसर मुलाला महागात पडते. वळणावर ती त्याला आवरतच नाही.

आणि हा खेळ जन्मला तोच मुळी जुन्या सायकलींवर. 21 ऑक्टोबर 1976 ला कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर काही तरुणांनी उताराची शर्यत लावली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्या टोळक्यातली नावं. सायकली दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, जाड टायरच्या, वजनदार. पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागायचा, आणि उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, म्हणजे हबमधलं, ग्रीस तापून अक्षरशः धूर व्हायचा. पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय पुढची फेरी नाही. तिथून 1990 मध्ये अमेरिकेतल्याच ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा आणि 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिक. वीस वर्षांत हा खेळ भंगारातून ऑलिंपिकला पोचला.

(दृश्य: हेल्मेट घातलेल्या चेहऱ्यांची रांग. प्रशिक्षक एकेकाचं हेल्मेट हलवून बघते.)

हेल्मेटवर मात्र तडजोड नाही. भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून वर नाही. पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जुळलेल्या. हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतकीच जागा. डोकं हलवलं तर हेल्मेट मागेपुढे डुलता कामा नये. एकदा जोराचा मार बसला की ते बदलायचं, वरून धड दिसत असलं तरी. आतला फोम धक्का झेलताना स्वतः चेपतो, आणि चेपलेला फोम दुसऱ्यांदा तेवढा उपयोगी पडत नाही.

मग हवा, ब्रेक, चेन. मैदान सोडायच्या आधी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं तपासायचं. इथे नव्या मुलांचा हमखास गोंधळ होतो. टायर दगडासारखा टणक म्हणजे चांगला, असं त्यांना वाटत असतं. माउंटन बाईकमध्ये साधारण 20 ते 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) एवढीच हवा भरतात, हलक्या मुलांना त्याहूनही कमी चालते. टायर थोडा दबला की जमिनीला जास्त चिकटतो, मुळांवर आणि दगडांवर उसळत नाही.

(दृश्य: मैदानावर मांडलेले शंकू. मुलं संथ वेगात त्यांच्यामधून जातायत.)

पहिले काही सराव डोंगराकडे फिरकतसुद्धा नाहीत. मुलं वैतागतात. त्यांना उतार हवा असतो, आणि त्यांना शिकवलं जातं उभं राहायला. पॅडल आडवी, दोन्ही एका पातळीत. गुडघे आणि कोपर सैल. सीटवरून उठून कंबर जरा मागं. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट, बाकीची बोटं हँडलवर. या पवित्र्यात सायकल अंगाखाली हवी तशी हलते आणि अंग शांत राहतं. सीटवर बसून ताठ हातांनी गेलं, तर प्रत्येक दगड थेट खांद्यापर्यंत पोचतो.

ब्रेकची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या ब्रेकची भीती जवळजवळ प्रत्येक मूल घरूनच घेऊन येतं. ‘पुढचा दाबलास तर डोक्यावर पडशील.’ कुणीतरी सांगितलेलं असतं. आता बघा, ब्रेक लागला की अंगाचा भार पुढं सरकतो. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, त्याची पकड वाढते, आणि मागचं हलकं होतं. म्हणजे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचं चाकच करू शकतं. नुसता मागचा करकचून दाबला की चाक अडकतं, घसरतं, आणि सायकल थांबायची ती थांबतच नाही. म्हणून दोन्ही ब्रेक, हळूहळू वाढत जाणारा दाब, आणि त्याच वेळी कंबर मागं. सरावात जमिनीवर एक रेघ ओढतात. तिथवर वेगात यायचं आणि पुढं कमीत कमी अंतरात थांबायचं, चाक न घसरवता. मुलं यात तासभर रमतात. काही देशांत पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींत डाव्या. मित्राची सायकल घेताना हे आधी बघितलेलं बरं.

(दृश्य: झाडांमधली अरुंद वाट. वळणावर बाहेर आलेलं मूळ. कडेची ती मुलगी वळणावर येते.)

तीच मुलगी. वाटेत एक मूळ आडवं आलंय, जाडीला मनगटाएवढं. तिची नजर त्यावर खिळली, आणि सायकल सरळ त्याच्यावरच गेली. पाय टेकला.

प्रशिक्षक मागून म्हणते, “मुळाकडे बघू नकोस गं. तुला जिथे जायचंय तिथे बघ. ते पलीकडचं झाड दिसतंय ना? त्याच्याकडे.”

“मग मूळ कोण बघणार, ताई?”

“ते तू लांबून बघितलंयस की. पायाखाली आल्यावर बघून आता काय करणार?”

दुसऱ्यांदा ती येते. नजर झाडावर, पुढचं चाक किंचित उचललेलं, मागचं आपोआप वर चढून खाली उतरतं. ती ओरडते वगैरे काही नाही. फक्त पुढच्या वळणाला तिचे कोपर वाकलेले असतात, आणि प्रशिक्षकाला तेवढंच बघायचं होतं.

(दृश्य: चढ. घामाघूम चेहरे. एक मुलगा सायकल ढकलत वर येतोय.)

चढावर गिअर आधी बदलायचा. पाय जड झाल्यावर बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते, कधी तुटतेही. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकायचं आणि छाती हँडलकडे झुकवायची. फार मागं बसलं तर पुढचं चाक उचललं जातं, सीटवरून उठून फार पुढं गेलं तर मागचं जागच्या जागी फिरतं. मधली जागा प्रत्येकाची वेगळी, ती चढतानाच सापडते. नाही चढलं तर उतरून ढकलायची. कुणी हसत नाही, कारण कधी ना कधी सगळ्यांनीच ढकललेली असते.

या संघाची घडण मात्र चढावर किंवा उतारावर कळत नाही. ती कळते वाट फुटते तिथे.

(दृश्य: दोन वाटा फुटतात ती जागा. पुढची मुलं थांबलेली. मोजणी चालू.)

गटात सगळ्यात पुढं एक जण असतो, वाट माहीत असलेला. सगळ्यात शेवटी दुसरा. या शेवटच्याचं काम एकच: त्याच्या मागं कुणी राहता कामा नये. कुणाची चेन उतरली, हा थांबला. कुणाला दम लागला, हा थांबला. वाट फुटली की पुढच्यानं थांबायचंच, आणि शेवटचा दिसल्याशिवाय कुणीही हलायचं नाही. निघताना मोजलेली मुलं तिथे पुन्हा मोजतात.

पहिल्या काही दिवसांत वेगवान मुलांना हे पटत नाही. चांगला वेग आलेला असतो, अंग तापलेलं असतं, आणि मध्येच थांबून मागच्यांची वाट बघायची? त्यातून एक अन्याय घडतो, तो अनुभवी प्रशिक्षकांच्या बरोबर लक्षात येतो. पुढचे आधीच थांबून ताजेतवाने झालेले असतात. मागचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, “चला.” म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून चांगल्या संघात शेवटचा पोचल्यावर खरी विश्रांती सुरू होते. तो पाणी पितो, श्वास घेतो, आणि निघायचं कधी ते तोच सांगतो. हा साधा बदल ज्या संघांनी केला, तिथे मुलं टिकतात, असं माझं मत आहे. मूल खेळ सोडतं ते बहुतेक वेळा थकव्यानं नाही, आपल्यामुळे सगळे खोळंबलेत या संकोचानं.

(दृश्य: चढून येणाऱ्यासाठी कडेला थांबलेला सायकलस्वार. पलीकडे पायी चालणारं कुटुंब.)

वाट एकट्या सायकलवाल्यांची नसते. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबलेल्याला पुन्हा निघणं अवघड. घोडा दिसला की सायकलवरून उतरायचं आणि शांतपणे बोलायचं, म्हणजे हे माणूसच आहे हे त्याला कळतं. पाऊस पडून गेल्यावर मऊ मातीत चालवायचं नाही. चाकाची चाकोरी पडते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहतं आणि अख्खी वाट धुऊन जाते. म्हणून बरेच संघ हंगामात कुदळ-फावडी घेऊन वाटेच्या डागडुजीलाही जातात. मुलं कुरकुरत जातात, पण आपण बुजवलेली चाकोरी दुसऱ्या कुणी उखडली की सगळ्यात जास्त चिडतात तीच.

(दृश्य: उलटी ठेवलेली सायकल. ट्यूब काढणारे छोटे हात.)

पंक्चर काढणं प्रत्येकाला यायलाच हवं. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा. ते विसरलं की नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

पंक्चरची धास्ती मोठ्यांनाही सुटलेली नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक आघाडीवर होता आणि त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं. या शर्यतीत बाहेरची मदत फक्त ठरवून दिलेल्या टप्प्यांवरच घेता येते. तिथवर तशाच चाकावर जायचं, तिथे चाक बदलून घ्यायचं. तीस सेकंदांहून जास्त वेळ गेला. पिडकॉकनं एकेकाला गाठलं आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागं टाकून सुवर्णपदक घेतलं. चाक बदलणारे हात टीव्हीवर जेमतेम दिसले.

त्याच्या आधीच्या ऑलिंपिकमधली, 2021 मध्ये जपानला झालेली शर्यत प्रशिक्षक वेगळ्या कारणानं दाखवतात. नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल, जगातला नावाजलेला सायकलपटू, पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून तोंडघशी पडला. सरावात तिथे फळी होती. शर्यतीतही असेल, असं त्यानं धरलं होतं. म्हणून शर्यतीच्या आधी मुलांना अख्खा मार्ग दाखवतात, अवघड जागा पायी चालत.

(दृश्य: वाटेच्या कडेला बसलेला मुलगा. प्रशिक्षक समोर गुडघ्यावर.)

पडणं होतंच. खरचटतं, मुका मार लागतो, ते धुऊन पट्टी करून पुढं जाता येतं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवसापुरती सायकल बंद. मुलगा म्हणणार, “सर, मला काही झालं नाही.” मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणं कधी काही तासांनी दिसतात, त्यामुळे त्याचं म्हणणं इथे धरायचं नाही. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच तो परत येतो. बाकी सगळ्या बाबतींत मुलांचं ऐकणारे प्रशिक्षक या एका जागी अजिबात ऐकत नाहीत. तसंच हवं.

(दृश्य: शर्यतीची सुरुवात. वयोगटाप्रमाणे उभ्या रांगा. नंतर संघाचा तंबू, पालक.)

शर्यतीच्या दिवशी वयोगट पाळीपाळीनं सुटतात. लहानांना कमी फेऱ्या, मोठ्यांना जास्त. आपली शर्यत संपली म्हणून कुणी घरी निघत नाही. शेवटच्या चढावर दोन्ही बाजूंना मुलं उभी राहतात आणि पहिल्या आलेल्याइतकंच शेवटच्यासाठी ओरडतात. कधी कधी जास्तच, कारण एव्हाना बाकीचे सगळे मोकळे झालेले असतात.

पालकांना मात्र नुसतं तंबूत बसून भागत नाही. गटामागून जायला मोठी माणसं लागतात, आणि त्यांनाही प्रथमोपचार शिकून, सरावाला येऊन तयार व्हावं लागतं. कडेला उभ्या असलेल्या त्या मुलीचे बाबा या हंगामात असेच आले. पहिल्या चढावर ते सायकल ढकलत वाट फुटते तिथे पोचले, तेव्हा सगळी मुलं थांबली होती. तिनं मोजणी पूर्ण केली आणि म्हणाली, “बाबा, पाणी प्या आधी. निघायचं कधी ते तुम्ही सांगा.”